यंत्राआधी करार

(परभणी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

या अभ्यासवर्गासाठी आपण मला विषय दिला आहे तो ‘नवे तंत्रज्ञान आणि आपले दैनंदिन जीवन’ हा. विषय मोठा आहे आणि मोठ्या विषयाचा एक धोका असा की, त्यावर बोलणारा मनुष्य पाहता पाहता आकाशात जातो. कृत्रिम बुद्धिमत्ता उद्या काय करील, यंत्रमानव कोणाकोणाच्या नोकऱ्या घेतील, पंचवीस वर्षांनी जग कसे असेल, यांवरची भाषणे मोठ्या शहरांच्या व्यासपीठांवर रोज होत असतात. ती होऊ द्यावीत. मी मात्र आज जमिनीवरूनच बोलणार आहे. आणि ही जमीनही आपलीच, गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या काठची, नऊ तालुक्यांची.

२०२३ च्या उन्हाळ्यात जिंतूर तालुक्यातील एका गावी रोजगार हमीच्या कामावर जाण्याचा योग आला. मी पोहोचलो तेव्हा काम थांबलेले होते. पंधरावीस बायामाणसे उन्हात एका ओळीत उभी होती आणि बांधावर उभा राहून मेट हातातला मोबाईल उंच धरीत होता. हजेरीचा फोटो निघत होता, पण पुढे जात नव्हता. खड्डे खणून झाले होते, कोणीही टेप लावून ते मोजू शकला असता. परंतु फोटो गेला नाही म्हणून दिवस भरला नाही, अशी सारी स्थिती. ओळीतली एक म्हातारी मला म्हणाली, “दादा, खड्डा दिसायलाय, मी दिसायले, मंग त्या मोबाईललाच कामून दिसंना?”

तंत्रज्ञानावर मी बरीच पुस्तके वाचली आहेत. या प्रश्नाएवढा नेमका प्रश्न मला त्यांत क्वचितच आढळला. आजचे माझे सारे बोलणे म्हणजे या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे, असे समजा.

जात्याकडे परत जायचे नाही

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. यंत्राला विरोध करणे हा समाजवाद्यांचा कार्यक्रम कधीही नव्हता आणि असूही नये. आपल्या आया-आज्या पहाटे उठून जात्यावर दळण दळीत. त्या ओव्यांचे कौतुक करणारे पुष्कळ आहेत. पण त्या ओव्या गाणाऱ्या बाईला कोणी विचारले असते, ‘बाई, तुला गिरणी हवी की ओवी?’ तर तिने काय उत्तर दिले असते ते सांगण्याची गरज नाही. गावात पिठाची गिरणी आली आणि स्त्रीच्या पाठीवरचा रोजचा भार उतरला. नळ आला, गॅस आला, मळणीयंत्र आले. ज्या यंत्राने कष्ट हलके होतात, त्याचे स्वागत केलेच पाहिजे. गरिबाने कष्ट करीत राहावे आणि आपण त्या कष्टांचे सौंदर्य पाहावे, ही वृत्ती आपली नव्हे.

ज्या गांधीजींना यंत्राचे शत्रू ठरविण्यात येते, त्यांचा विरोधही यंत्राला नसून यंत्राच्या वेडाला होता. आणि शिवणयंत्राला त्यांनी आवर्जून अपवाद केले होते. डॉ. राममनोहर लोहियांनी १९५२ साली पचमढीच्या अधिवेशनात समाजवादी पक्षासमोर मांडणी केली, तीत लहान यंत्राचा विचार होता. ज्या देशात माणसे फार आणि भांडवल थोडे, त्या देशाने अमेरिकेचे किंवा रशियाचे महाकाय यंत्र तसेच उचलून आणण्यात अर्थ नाही. कष्ट कमी करणारे, पण माणसाला कामातून उठवून न लावणारे यंत्र आपण शोधले पाहिजे, असा त्या मांडणीचा आशय होता. तेव्हा यंत्र हवे की नको, हा आपला प्रश्न कधीच नव्हता. यंत्र कोणाचे, ते कोणाला विचारून आले आणि त्याने वाचविलेले श्रम व पैसा कोणाच्या पदरात पडला, हे आपले तीन प्रश्न आहेत. पिठाची गिरणी आणि हजेरीचा मोबाईल ही दोन्ही यंत्रेच. परंतु गिरणीने बाईचा वेळ तिचा तिला परत दिला, आणि मोबाईलने तिचा दिवस तिच्या हातून काढून घेतला.

१९७२ ची तीन अपत्ये

हे तीन प्रश्न परभणी जिल्ह्याला लावून पाहावयाचे तर १९७२ सालापर्यंत मागे जावे लागेल. त्या वर्षीचा दुष्काळ ज्यांनी पाहिला अशी काही वडीलधारी मंडळी येथे बसलेली आहेत. त्याच वर्षी आपल्या वाट्याला तीन गोष्टी आल्या. १८ मे १९७२ रोजी परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईकांचे नाव आहे. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमी योजना सुरू झाली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ती आली, १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या घरात माणसे होती, आणि पुढे १९७७ च्या कायद्याने ‘मागेल त्याला काम’ हा हक्क झाला. तिसरी गोष्ट म्हणजे कापसाची एकाधिकार खरेदी, तीही १९७२ च्याच हंगामापासूनची.

या तिन्हींकडे एकत्र पाहा. विद्यापीठ म्हणजे ज्ञान, हमी म्हणजे काम, एकाधिकार म्हणजे बाजार. कष्टकऱ्याच्या आयुष्याच्या या तीन दारांवर शासनाने, म्हणजे तत्त्वतः आपण सर्वांनी, आपला हात ठेवला होता. या योजना निर्दोष होत्या असे मी म्हणणार नाही. हमीच्या कामांवरची खोटी हजेरी आपण पाहिली आहे. एकाधिकार खरेदीच्या केंद्रांवर दिवसेंदिवस उभ्या राहिलेल्या गाड्या आणि उशिरा मिळालेले चुकारेही पाहिले आहेत. परंतु एक गोष्ट निर्विवाद होती. तक्रार असेल तर जाब विचारावयाला समोर माणूस होता. तहसीलवर मोर्चा नेता येत असे, ग्रेडरला घेराव घालता येत असे, विद्यापीठाच्या दारात धरणे धरता येत असे.

गेल्या पंचवीस वर्षांत या तिन्ही दारांवर नवे तंत्रज्ञान येऊन बसले. ते कसे बसले, हे एकेक करून पाहू.

बियाण्याची पिशवी

ज्ञानाच्या दारापासून आरंभ करू. याच विद्यापीठाने ‘परभणी क्रांती’ ही भेंडी दिली. हळद्या रोगाला दाद न देणारी ही भेंडी जंगली भेंडीच्या संकरातून निवडत निवडत तयार झाली, आणि तिचे बी शेतकरी घरी धरू शकत होता. विद्यापीठाच्याच नांदेड येथील संशोधन केंद्राने १९८० च्या दशकात ‘नांदेड ४४’ हा संकरित कापूस दिला. कोरडवाहू रानात तग धरणारा म्हणून तो दूरदूरच्या शेतकऱ्याने पेरला. हेही तंत्रज्ञानच होते. ते सार्वजनिक पैशातून उभे राहिले आणि सार्वजनिक मालकीचे राहिले.

मार्च २००२ मध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. बोंडअळी रोखणारा गुण बियाण्यातच आला, फवारण्या कमी झाल्या, उत्पन्न वाढले. आरंभीचा हा लाभ नाकारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. शेतकऱ्याने ते बियाणे डोळे मिटून घेतलेले नव्हते. परंतु तो गुण आला खासगी कंपन्यांच्या संकरित पिशवीतून, आणि संकरित बियाणे दरवर्षी नव्याने विकत घ्यावे लागते. काही वर्षांतच देशातील बहुतेक सारे कापूसक्षेत्र त्या पिशवीखाली गेले आणि ‘नांदेड ४४’ मागे पडला. विद्यापीठाने पुढे महाबीजच्या साहाय्याने त्याचे बीटी रूप काढले, पण तोवर बाजार दुसऱ्यांच्या ताब्यात गेला होता. मग गुलाबी बोंडअळीला त्या गुणाची सवय झाली. २०१७ च्या हंगामात तिने मराठवाडा-विदर्भातील कापूस पोखरला आणि शेतकरी पुन्हा फवारणीच्या पंपाकडे वळला. पिशवीचा खर्च राहिला, फवारणीचा खर्च परत आला.

यात बोध घेण्यासारखे काय? एक तर बियाण्याच्या किमतीचे उदाहरण घ्या. आरंभी सोळाशे रुपयांच्या आसपास असलेली ४५० ग्रॅमची पिशवी २००६ साली आंध्र सरकारने कायदेशीर लढा दिल्यावर निम्म्याच्या खाली आली. ती किंमत विज्ञानाने ठरविली नव्हती, सौद्याने ठरविली होती. सौदा बदलताच किंमत बदलली. दुसरे असे की, अलीकडच्या वर्षांत आपल्याच विद्यापीठाने एनएच १९०१, १९०२ आणि १९०४ हे कापसाचे सरळ बीटी वाण तयार केले आहेत. सरळ वाण म्हणजे घरचे बी पुन्हा पेरता येईल असा वाण. म्हणजे तंत्रज्ञान तेच, पण मालकीची रीत बदलली की त्याचा स्वभाव बदलतो. हे काम विद्यापीठाने वीस वर्षे आधी केले असते तर? हा प्रश्न शास्त्रज्ञांना विचारण्याआधी आपण स्वतःला विचारला पाहिजे. त्या वीस वर्षांत आपण विद्यापीठाच्या दारात किती वेळा गेलो?

आज त्याच विद्यापीठात जागतिक बँकेच्या साहाय्याच्या प्रकल्पातून यंत्रमानव, ड्रोन आणि स्वयंचलित वाहने यांवर काम झालेले आहे. राज्य सरकारने २०२५ च्या जूनमध्ये शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर केले. शेतकऱ्याचा शेतकरी ओळख क्रमांक, त्याचा सातबारा, त्याने मोबाईलवर नोंदलेली पीकपाहणी, ही सारी माहिती एकमेकींना जोडली जात आहे. या माहितीच्या शिदोरीवर उद्या कोणी सल्ला विकील, कोणी विमा विकील, कोणी कर्ज देईल किंवा नाकारील. बियाण्याच्या बाबतीत आपण जागे झालो ते पिशवी गावोगाव पोहोचल्यावर. माहितीच्या बाबतीत तरी आधी जागे व्हावे, असे माझे सांगणे आहे.

खुरपे, विळा आणि कोयता

आता कामाच्या दाराकडे वळू. आपल्या जिल्ह्यातील भूमिहीन स्त्रीच्या हातात पूर्वी वर्षाकाठी तीन मोठी कामे असत. खुरपणी, सोयाबीन आल्यापासून त्याची कापणी, आणि कापसाची वेचणी. तणनाशकाने खुरपणी खाल्ली. परवानगी नसतानाही तणनाशकाला दाद न देणारे ‘चोर बीटी’ कापसाचे बियाणे गुपचूप पसरले, ते यासाठीच. सोयाबीनच्या कापणीला पंजाबकडील हार्वेस्टर येऊ लागली आणि गुत्त्याने कापणी घेणाऱ्या टोळ्यांचे काम आटले. विद्यापीठानेही यंत्राने कापता यावे असे उंच वाढणारे सोयाबीनचे वाण दिले आहेत. वेचणी तेवढी अजून हाताने चालते, म्हणून बाई अजून रानात दिसते.

डोंगरपट्ट्यात, म्हणजे गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या भागांत, कोयता हे वर्षाचे पोट. दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन जोडपी कारखान्यांकडे निघतात. तेथेही आता तोडणीयंत्र आले आहे. राज्य सरकारने २०२३ पासून या यंत्राच्या खरेदीला ४० टक्के किंवा कमाल ३५ लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्याची योजना आणली. ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ स्थापन झाले आहे, हे मला ठाऊक आहे. पण ज्या फडात यंत्र शिरते तेथील कोयत्याने उद्या कोठे जावे, याची योजना कोठे आहे? यंत्र घेणाऱ्याला ३५ लाख आणि यंत्रामुळे मोकळ्या होणाऱ्याच्या अंगावर उचलीची फेड, असा हा हिशेब आहे. ऊसतोडणी हे काही जपून ठेवावे असे काम नव्हे. पहाटेच्या थंडीत मोळी वाहणाऱ्या गरोदर बाईला त्यातून सोडविणारे यंत्र आले तर आपल्याला आनंदच आहे. परंतु सोडविणे वेगळे आणि हाकलणे वेगळे.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. दोन-तीन एकरांचा शेतकरी हार्वेस्टर बोलावतो म्हणून तो मजुराचा शत्रू ठरत नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला. बाजारात शेतकऱ्याच्या हाती त्याहून कमी पडले. असा शेतकरी कापणीचा खर्च वाचविणार, हे उघड आहे. ओल्या रानात हार्वेस्टर रुतते, तेव्हा त्यालाच पुन्हा विळ्याची आठवण होते. भाव पाडणारा एकीकडे, यंत्राचे भाडे घेणारा दुसरीकडे, आणि मध्ये शेतकरी व मजूर एकमेकांकडे रागाने पाहात उभे, हे चित्र बदलणे हे आपले काम आहे. त्यात रंग भरणे हे नव्हे.

काम मोजायचे की कामगार?

ज्यांचे शेतातले काम आटले, त्यांच्यासाठीच तर हमी होती. २००५ साली महाराष्ट्राचा हा विचार देशाचा कायदा झाला, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. तिकडे तंत्रज्ञान कसे आले ते पाहा. २०२१ साली मोबाईलवरून हजेरी घेण्याची पद्धत आली. २०२२ च्या मे महिन्यात ती वीस किंवा अधिक मजुरांच्या कामांवर सक्तीची झाली, आणि १ जानेवारी २०२३ पासून जवळजवळ सर्वच कामांवर. दिवसातून दोनदा फोटो. सकाळी एक आणि नंतर एक. पुढे १ जानेवारी २०२४ पासून मजुरी आधारशी जोडलेल्या खात्यातूनच देण्याची सक्ती झाली.

यातली मूळ विसंगती ध्यानात घ्या. हमीच्या कामाची मजुरी मापावर असते. किती घनमीटर माती निघाली, त्यावर दाम. जो पहाटे लवकर जाऊन दहापर्यंत आपले माप पुरे करतो, त्याला घरी जाण्याचा हक्क असला पाहिजे. कारण त्याने विकले आहे ते काम, दिवस नव्हे. फोटो मात्र माणूस मोजतो. माप पुरे झालेली बाई केवळ दुसऱ्या फोटोसाठी उन्हात बसून राहते. म्हणजे मजुरी मापाची आणि पहारा दिवसाचा. दोन्ही पद्धतींतले जे जे मजुराला जाचक, ते ते एकत्र केलेले.

यावर प्रश्न येईल, आणि तो रास्त आहे, की ‘खोट्या हजेरीचे काय? मस्टरवर मेलेल्या माणसांची नावे लागत नव्हती काय?’ लागत होती. गुत्तेदाराने जेसीबीने तळे खणायचे आणि मस्टरवर गावाची नावे लावायची, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. मजुरी थेट खात्यात जाऊ लागल्याने मधल्या काही हातांची सवय मोडली, हेही खरे. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आणि तलाठ्यामागचे हेलपाटे कमी झाले, तेही आपण मान्य करू. परंतु हजेरीच्या मोबाईलने चोरी थांबविली काय? २०२५ च्या जुलैमध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच परिपत्रक काढून मान्य केले की कामाशी संबंध नसलेले फोटो चढविले जातात, फोटोचाच फोटो काढला जातो; आणि म्हणून हे फोटो माणसांनी तपासावेत. म्हणजे ज्याला चोरी करावयाची होती त्याला वाट सापडली. उन्हात उभी राहिली ती खरे काम केलेली म्हातारी. चोराला पकडण्यासाठी लावलेल्या कुलपाची किल्ली चोराला सापडते आणि घरचा माणूस बाहेर राहतो, असे होत असेल तर कुलूप बदलले पाहिजे, घरच्या माणसाला दोष देऊन भागणार नाही.

२०२५ च्या डिसेंबरात संसदेने जुन्या कायद्याच्या जागी ‘विकसित भारत–रोजगार आणि आजीविका हमी अभियान (ग्रामीण)’ हा नवा कायदा मंजूर केला. १०० ऐवजी १२५ दिवस, असे त्यात आहे. पण राज्यांवर खर्चाचा मोठा वाटा पडला आहे आणि बोटांच्या ठशासारखी शारीरिक ओळख, ठिकाणाची उपग्रहाद्वारे नोंद, कृत्रिम बुद्धिमत्तेने तपासणी या गोष्टी आता कायद्याच्या मजकुरातच आल्या आहेत. आजवर परिपत्रकाने आलेले यंत्र आता कायद्याने आले. दगड फोडून, कापूस वेचून ज्या बोटांच्या रेषा पुसल्या गेल्या त्या बोटांची ओळख यंत्राने नाकारली तर काय, याचे उत्तर मजुराला आधीच मिळाले पाहिजे.

तिसरे दार बाजाराचे. एकाधिकार खरेदी २००२ च्या सुमारास संपुष्टात आली. हमीभावाने कापूस घेण्यासाठी भारतीय कापूस महामंडळ आहे. २०२५-२६ च्या हंगामात महामंडळाला कापूस द्यावयाचा तर आधी मोबाईलवर ‘कपास किसान’ या व्यवस्थेत नोंदणी करणे आवश्यक ठरले. नोंदणीमुळे व्यापाऱ्याने शेतकऱ्याच्या नावावर कापूस घालण्याला आळा बसावा, हा हेतू योग्य आहे. पण ज्याच्या हातात साधा फोन आहे, जो बटईने शेती करतो, ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याचे काय? मानवत-सेलूच्या बाजारात त्याची गाडी खासगी व्यापाऱ्याच्या दारातच उभी राहणार. कायद्याने त्याला कोणी अडविलेले नाही. अडविले आहे ते पडद्यावरच्या एका रिकाम्या चौकटीने.

बँकेतला करार

साथींनो, या साऱ्या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. यंत्र आले, पण ज्याच्या आयुष्यात ते आले त्याला कोणी विचारले नाही. हे असेच व्हावे लागते काय? नाही. आपल्याच देशात याच्या उलट घडलेले आहे.

बँकांत आणि विमा महामंडळात संगणक येऊ लागला तेव्हा कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी त्याला कडवा विरोध केला. त्या काळी त्यांची चेष्टाही पुष्कळ झाली. परंतु १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि बँकांचे व्यवस्थापन यांच्यात करार झाला. यंत्रे कोणती आणि किती बसवायची याला मर्यादा घातली गेली, कोणाची नोकरी जाणार नाही हे ठरले, आणि पुढच्या करारांनी पुढचे टप्पे ठरविले. संगणक थांबला नाही. थांबावयास नकोच होता. पण तो कर्मचाऱ्याच्या डोक्यावरून आला नाही, त्याच्याशी बोलून आला. पुढे बँकांत नवी भरती आटली हेही खरे आहे, आणि करार म्हणजे सर्व दुखण्यांवरचे औषध नव्हे. तरीही जे टेबलाशी बसले होते त्यांना काही मिळाले, हा इतिहास आहे.

बँकेतल्या कारकुनाला करार मिळाला आणि रोजगार हमीवरच्या बाईला परिपत्रक मिळाले. दोघांच्या अकलेत फरक नव्हता, दोघांच्या संघटनेत होता. म्हणून त्या म्हातारीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे: मोबाईलला तू दिसत नाहीस, कारण तो मोबाईल ठरला त्या बैठकीत तू नव्हतीस. आणि तू नव्हतीस, कारण आम्ही तुला तेथवर नेले नाही.

मग करावयाचे काय?

केवळ निषेधाचा ठराव करून आपण येथून उठलो तर हा अभ्यासवर्ग व्यर्थ गेला असे मी म्हणेन. पाच कामे मी सुचवितो.

पहिले, हजेरीची पावती. मोबाईलवर हजेरी घ्यावयाची असेल तर घ्यावी. पण सोबत कागदावरचा हजेरीपट असावा आणि प्रत्येक मजुराच्या हातात त्या दिवसाची पावती पडावी. यंत्र बंद पडले तर दिवस मजुराचा, दोष यंत्राचा, हा नियम लेखी मिळविला पाहिजे. तोवर कार्यकर्त्यांनी साध्या वहीत रोजची हजेरी लिहून मजुरांच्या सह्या-अंगठे घ्यावेत. वादाच्या वेळी ही वही उपयोगी पडते, हा अनुभव आहे.

दुसरे, ग्रामसभा. नवी मोबाईल-पद्धत गावात सक्तीची करण्यापूर्वी तिची माहिती मराठीत ग्रामसभेपुढे यावी, आणि ज्यांना ती वापरता येत नाही त्यांच्यासाठी दुसरी वाट कोणती हे तेथेच ठरावे. बँकेच्या कराराचे गावपातळीवरचे रूप ते हेच.

तिसरे, यंत्राची मालकी. अवजार बँकांच्या योजना कागदावर आहेत, महिला बचतगटांना ड्रोन देण्याची योजनाही २०२३ पासून आहे. हार्वेस्टर, फवारणीयंत्र, ड्रोन ही मजुरांच्या आणि अल्पभूधारकांच्या सहकारी गटांच्या मालकीची झाली, तर यंत्राचे भाडे त्याच घरात येईल ज्या घरातून विळा गेला. अनुदानावर पहिला हक्क त्यांचा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

चौथे, विद्यापीठ. परभणीकरांना विद्यापीठाचा अभिमान आहे. अभिमानाबरोबर मागणीही हवी. घरी धरता येईल असे बियाणे, मराठीत आणि फुकट मिळणारा सल्ला, आणि शेतकऱ्याची माहिती त्याच्या संमतीवाचून खासगी हातांत जाणार नाही याची हमी. याच विद्यापीठाच्या गृहविज्ञान शाखेत शेतकरी स्त्रियांचे कष्ट हलके करणाऱ्या साध्या अवजारांवर वर्षानुवर्षे काम झालेले आहे. लोहियांचे लहान यंत्र ते हेच. त्याला ड्रोनइतके छायाचित्रकार मिळत नाहीत, तर आपण त्याला मागणीदार मिळवून देऊ.

पाचवे काम आपल्या तरुण कार्यकर्त्यांचे. प्रत्येक गावात एक तरी मुलगा किंवा मुलगी अशी असावी, जी नोंदणी, हजेरी, आधार-जोडणी, कापसाची पाळी या गोष्टी लोकांना पैसे न घेता करून देईल, आणि करून देता देता शिकवील. हे काम लहान वाटेल. पण जो मनुष्य पडद्यावरची रिकामी चौकट भरून देतो, त्याच्यामागे गाव उभे राहते. आणि ती चौकट तेथे कोणी घातली, हे त्यानेच गावाला समजावून सांगावयाचे आहे.

माझे एवढेच म्हणणे आहे. यंत्र यावे, गिरणी आली तसे यावे, बाईच्या पाठीवरचा भार उतरविण्यासाठी यावे. पण ते येण्याआधी बोलणी व्हावीत आणि बोलण्यांत ती बाई असावी. ज्या जिल्ह्याने दुष्काळात खडी फोडीत कामाचा हक्क मिळविला, त्याला हे शिकविण्याची गरज नाही. आठवण करून देण्याची आहे. येत्या उन्हाळ्यात पुन्हा कामे निघतील. त्या वेळी बांधावर मोबाईल उंच धरलेल्या मेटाच्या शेजारी, हातात वही घेतलेला आपला एक कार्यकर्ता उभा दिसावा, एवढी अपेक्षा व्यक्त करतो.